ह्यांनी बदललेला आकडा

शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४, बर्लिन

"फ्राउ सबनीस, तुमच्या प्रकरणात तेल आहे, राज्य आहे, कायदे आहेत. माणूस कुठे आहे?" प्रोफेसर बाईंनी आज एवढंच विचारलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा काढला की समजायचं, आता वाद घालण्यात अर्थ नाही.

साडेतीन वर्षं मी वाळवंटातल्या एका तेलवाल्या देशाचा राजकीय इतिहास लिहिते आहे. देशाचं नाव या वहीतही लिहीत नाही. ही सवय लुब्नाने लावली, तिचे नातेवाईक अजून तिथे आहेत. गोष्ट थोडक्यात अशी. तेल सापडायच्या आधी तिथल्या राजाला मोत्यांच्या व्यापाऱ्यांकडे कर मागावा लागायचा, आणि कर मागायचा तर चार शब्द ऐकूनही घ्यावे लागायचे. तेल आलं आणि त्याला कोणाकडे काही मागावं लागेना. उलट तोच वाटू लागला. घर फुकट, वीज फुकट, दवाखाना फुकट. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे तिथे कोणाला शिकवावं लागलं नाही. तरी निवडून आलेली एक सभा होती, आणि १९८४ साली तिने एकच प्रश्न विचारला: रोज नक्की किती तेल निघतं?

मंत्री भाषणात म्हणाला, आठ लाख चाळीस हजार बॅरल. एक सभासद उठला आणि म्हणाला, खोटं, अकरा लाखांवर निघतं, तुमच्याच खात्याच्या तक्त्यात तसं आहे, उघडा तक्ता. तक्ता उघडला. त्यात आठ लाख चाळीस हजार. सभासद तोंडावर आपटला. "खोटे आकडे पसरवणारी सभा" म्हणून चार दिवसांत सभा बरखास्त झाली, ती कायमची. आणि सभासदाला आतला आकडा सांगणाऱ्या इंजिनिअरला सात वर्षांची कैद.

तो इंजिनिअर म्हणजे लुब्नाचे वडील. लुब्ना आमच्या संस्थेचा कागदपत्रांचा संग्रह सांभाळते, माझ्याच खोलीत बसते. चौऱ्याऐंशी साली ती दोन वर्षांची होती. वडील सुटल्यावर कुटुंब जर्मनीत आलं, ते इथेच वारले. तक्ता आयत्या वेळी कोणी बदलला, हे तिला आजवर कळलेलं नाही. मला कळलं तर तिला शांती आणि मला डॉक्टरेट.

माझा करार एकतीस मार्चला संपतो आणि करारामागोमाग व्हिसा. मुदतवाढीची बैठक वीस फेब्रुवारीला. माणूस आणू कुठून?


रविवार, १३ ऑक्टोबर

देव पावला म्हणायचा, आणि तोही श्रीखंडाच्या रांगेत.

मराठी मंडळाच्या दसऱ्याला काल माझ्यापुढे कपिल नावाचे एक गृहस्थ उभे होते. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहतात, इंजिनिअर, कंपनीच्या कामाने बर्लिनला आलेले. मी कशावर संशोधन करते ते सांगितल्यावर म्हणाले, "काय सांगतेस! माझा जन्म तिथला. बाबा एकवीस वर्षं तिथल्या तेल मंत्रालयात टायपिस्ट होते."

माझ्या पुऱ्या वाडग्यातून खाली पडता पडता वाचल्या. विचारलं, "तक्ते वगैरे?"

"तक्ते, भाषणं, सगळं बाबांच्याच हातून जायचं. आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, पण डोकं शाबूत आहे. आई-बाबा दोघं आमच्याकडेच असतात. ये की एकदा."

मी लगेच त्यांना कपिलदादा म्हणायला लागले. गरजवंताला अक्कल नसते, पण नाती जोडायला कोणी शिकवावं लागत नाही.


शनिवार, २ नोव्हेंबर, परतीच्या गाडीत

आयसीई गाडी पन्नास मिनिटं उशिरा, म्हणजे हल्लीच्या हिशेबाने वेळेवर. पुढे एस-बाहनने, म्हणजे लोकलने, उंटरश्लाइसहाइम.

आत्माराम काका, म्हणजे कपिलदादाचे बाबा, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालतात, खिशाला पेन. स्नेहलता काकू कोणाला नुसतं बसू देत नाहीत. पाडवा असल्यामुळे चकल्या, अनारसे, वर पुन्हा जेवूनच जा. कपिलदादाची दहा वर्षांची मुलगी ईप्सिता सोफ्यावर पाय वर घेऊन वाचत होती. काकूंनी तिला पाणी आणायला सांगितलं, ती "ग्लाइश, आजी", म्हणजे आत्ता आणते, म्हणाली आणि अर्ध्या तासाने पाणी आणलं.

"मराठी सगळं कळतं हिला," काकू म्हणाल्या, "पण बोल म्हटलं की मूग गिळून बसते."

ईप्सिता पुस्तकातून मान वर न करता जर्मनमध्ये म्हणाली, "कळतं ना, मग बोलायचं कशाला?" मला पोर आवडली.

मुलाखतीआधी संमतिपत्रावर सही घ्यावी लागते. नाव कुठेही येणार नाही, फक्त 'श्री. अ.', हे मी समजावलं. काकांनी तिन्ही पानं वाचली, खिशातलं पेन काढलं आणि तिसऱ्या पानावरची तीन नोव्हेंबर ही तारीख खोडून दोन केली. टाइप करताना माझीच चूक झाली होती. मी ओशाळले.

"दोन पानांवर दोन तारखा असल्या की माणूस अडकतो," ते म्हणाले. "दिसलं की दुरुस्त करून टाकायचं. कोणी सांगेपर्यंत थांबायचं नसतं."

असा साक्षीदार मिळायला भाग्य लागतं! माझ्या प्रबंधाची मुद्रितं यांच्याकडूनच तपासून घ्यावीत.

आज आकड्याचा विषय काढला नाही. ते नुसते देशाबद्दल बोलले. "मी गेलो एक्काहत्तर साली. तिथल्या लोकांना सगळं न मागता मिळायचं, त्यामुळे मागायची सवय सुटली. मागायची सुटली की विचारायची सुटते. आणि आम्ही तर बाहेरचे. आमचे पासपोर्ट कचेरीच्या कपाटात. साहेबाच्या कपाळाला आठी पडली की आम्ही आपापल्या टेबलावर शोधायचो, आपलं काय चुकलं."

हे वाक्य मी तिथल्या तिथे दोनदा अधोरेखित केलं.


शनिवार, १६ नोव्हेंबर, परतीच्या गाडीत

आज चौऱ्याऐंशी सालावर आलो आणि काकांचं बोलणं एकदम सरकारी परिपत्रक झालं. "भाषण आलं. तक्ता आला. दोन्हींत फरक आढळला. तक्ता दुरुस्त करण्यात आला."

"कोणी केला, काका?"

"करण्यात आला."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच. मग म्हणाले, थोडा पडतो, आणि आत गेले. चाळीस वर्षं झाली, दोन देश बदलले, तरी मंत्र्याचं नाव तोंडातून निघत नाही. दहशत म्हणतात ती ही!

मी हिरमुसून स्वयंपाकघरात काकूंपाशी गेले. काकूंनी कणकेचे हात धुतले, आत जाऊन एक फ्रेम घेऊन आल्या. मंत्रालयाचा फोटो. मधोमध खुर्चीवर पांढऱ्या झग्यातला मंत्री, बाजूला इंग्रज सल्लागार, मागे दोन अधिकारी, आणि अगदी कडेला सफारीतले काका, तेव्हा डोक्यावर दाट केस.

"तुला तेच हवंय ना?" काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मग ऐक. ह्यांनी बदलला तो आकडा." आणि फोटोच्या काचेवर बोट ठेवलं.

मी तेव्हा रेकॉर्डरचा लाल दिवा लागलाय ना ते बघत होते, त्यामुळे बोट नेमकं कुठे टेकलं ते दिसलं नाही. पण मंत्री मधोमध बसलेला आहे, दुसरं कोण असणार?

"ह्यांनी बदलला, आणि तीन रात्री झोपले नाहीत," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं हे ओझं वागवतोय गं."

मंत्र्याच्या झोपेची बातमी टायपिस्टच्या घरापर्यंत कशी पोचली देव जाणे. नोकरचाकरांना सगळं कळतं म्हणतात ते खरं असावं. मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही फार धीराचं काम केलंत." त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

झोप न येणारी सत्ता! याहून चांगलं शीर्षक मला सात जन्मांत सुचलं नसतं.


मंगळवार, २६ नोव्हेंबर

आठ दिवसांत बावीस पानं. इतकं सरसर मी कधीच लिहिलेलं नाही. एका बाजूला पांढऱ्या झग्यातली सत्ता, दुसऱ्या बाजूला कडेला उभा असलेला परदेशी टायपिस्ट, ज्याने सगळं पाहिलं आणि ज्याला बोलायची सोय नव्हती. काकूंचं वाक्य इंग्रजीत करताना 'ह्यांनी'चं 'दे', म्हणजे 'त्या लोकांनी', केलं. दुसरं काय करणार?

एक खटकतं. काकांनी स्वतः कोणाचंच नाव घेतलेलं नाही. पण बायको कशाला खोटं बोलेल? आणि बैठक काही माझ्यासाठी थांबणार नाही.


गुरुवार, १२ डिसेंबर

बाईंनी प्रकरण वाचलं. चष्मा न काढता म्हणाल्या, "आता माणूस आहे." मुदतवाढीच्या अर्जाला त्या हेच प्रकरण जोडणार आहेत. मी खोलीत येऊन दार लावून एकटीच नाचले.

लुब्नालाही वाचायला दिलं होतं. ती दुपारी आली, हातात कागद तसेच, डोळे लाल. म्हणाली, "वडील सांगायचे, त्या इमारतीत एक तरी माणूस असेल ज्याला खरं माहीत आहे. आई म्हणायची, असता तर बोलला असता." मग म्हणाली, "मला या श्री. अ. यांना भेटायचंय. काही विचारायचं नाही, नुसतं थँक यू म्हणायचंय."

मी म्हटलं, बघते. खरं तर नियमात बसत नाही. पण तिच्याकडे बघून नाही म्हणवेना. शिवाय अशा भेटीवर प्रकरणाचा शेवट किती छान होईल, हाही विचार मनात आला. आला तर आला, इथे तरी कशाला लपवू?


सोमवार, ६ जानेवारी २०२५

कपिलदादाचा फोन. बव्हेरियात आज सुट्टी, त्यामुळे भांडायला निवांत वेळ.

"शमिका, मी तुला घरी बोलावलं ते गप्पा मारायला. आता तू तिथल्या बाईला आमच्या घरात आणणार? आमची कंपनी त्यांना गॅसच्या जहाजांसाठी कॉम्प्रेसर देते. गेनाऊ, नेमक्या त्याच देशाला. बाबांचं नाव कुठे फुटलं तर माझं काय होईल?"

"दादा, नाव कुठेच नाही. ती लिहिणारी नाही, नुसती भेटायला येणार आहे. आणि काका हो म्हणालेत."

"बाबा कोणाला नाही म्हणतात कधी?"

गंमत बघा. तिथे विचारायचं नाही, कारण घर फुकट होतं. इथे विचारायचं नाही, कारण घराचे हप्ते आहेत. हे मी त्याला बोलले नाही. बोलले असते तर भेट रद्द झाली असती. लुब्नाबरोबर आठ फेब्रुवारीची तिकिटं काढली.


बुधवार, २९ जानेवारी

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी विद्यापीठाच्या मेन्सात जेवत होते, काकूंचा फोन. "शमिका, त्या मुलीला आणू नकोस गं. तिची तारीख ठरल्यापासून ह्यांनी धड जेवण केलेलं नाही."

हॉलमध्ये गोंगाट. मी म्हटलं, "कोणी, काकू?"

"कोणी काय? ह्यांनी!"

"काकांनी?"

"मग आणखी कोणी? मी नवऱ्याचं नाव घेते का कधी?"

ताटातल्या बटाट्यांकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. काकू पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होत्या.

माझी आई बाबांना 'अरे प्रसन्न' म्हणते. लग्नाआधीपासून म्हणते. आमच्या घरात 'हे' म्हणजे नुसते हे, जवळची वस्तू किंवा समोरची माणसं. पण मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आत्या म्हणते, मावशी म्हणते, सांगलीतली अर्धी गल्ली म्हणते. लहानपणापासून ऐकलंय. त्या दिवशी ऐकलं नाही, कारण मला मंत्री हवा होता.

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. "ह्यांनी बदलला, आणि तीन रात्री झोपले नाहीत." पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा काकाच.


गुरुवार, ३० जानेवारी

बाईंकडे जाऊन सांगायचं ठरवून निघाले. दारापर्यंत गेले. अर्ज कालच पाठवलाय, असं त्या स्वतःच हसत म्हणाल्या. मी आभार मानून परत आले.


रविवार, २ फेब्रुवारी

काकांना फोन केला. म्हटलं, काका, काकूंनी सांगितलं ते मला आता समजलं. तुम्हाला नको असेल तर मी लुब्नाला काहीतरी कारण सांगते, तुम्ही आजारी आहात असं.

काका म्हणाले, "मी आजारी नाही. घेऊन ये तिला. मला माझ्या तोंडाने सांगायचंय."

"काका, नीट विचार करा. कपिलदादा आहे, ईप्सिता आहे."

"चाळीस वर्षं विचारच केला." मग पुन्हा म्हणाले, "तू मात्र मध्ये बस. मला इंग्रजीत जमणार नाही. तो कागद इंग्रजीत होता."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी कपिलदादाचं नाव पुढे केलं, पण घाबरले होते ते माझ्या प्रकरणासाठी. लाज वाटते. पण भीती लाजेहून मोठी आहे. बत्तीस वर्षांची मी, डॉक्टरेट अर्धवट, परत जाऊन आईबाबांना काय सांगू, एका 'ह्यांनी'त चुकले म्हणून?


मंगळवार, ४ फेब्रुवारी

लुब्नाने तिच्या वडिलांचा एक फोटो फ्रेम करून घेतलाय, काकांना द्यायला. मला दाखवला. उंच, बारीक, हसणारा माणूस.

आज सांगणार होते. नाही सांगितलं. काका सांगणारच आहेत, मग मी आधी कशाला? असं स्वतःला समजावलं.


रविवार, ९ फेब्रुवारी

काल काय झालं ते नीट लिहून काढते.

उंटरश्लाइसहाइम स्टेशनबाहेर निवडणुकीच्या पाट्या, प्रत्येकीवर स्वस्त विजेचं आश्वासन. लुब्ना म्हणाली, "आमच्याकडे वीज फुकट होती," आणि हसली.

कपिलदादा मुद्दामच घराबाहेर गेला होता. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती, साबुदाण्याचे वडे केले होते, आणि चटणी वाढताना बशीबाहेर सांडली. काका कोट घालून बसले होते. लुब्ना आत आल्यावर उभे राहिले आणि ती बसेपर्यंत बसले नाहीत. ईप्सिता नेहमीप्रमाणे सोफ्यावर पुस्तक घेऊन. काकू तिला म्हणाल्या, वर जा. ती म्हणाली, "वारुम?", का म्हणून, आणि तिथेच राहिली. कोणाच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं.

लुब्नाने फोटो काढून काकांच्या हातात दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ पाहिला, टेबलावर सरळ ठेवला. मग तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत मराठीत बोलू लागले. या वेळी परिपत्रक नव्हतं.

"तिला सांग. सकाळी मंत्र्यांचं भाषण टाइप करून दिलं. दुपारी खात्याकडून तक्ता आला, तिच्या वडिलांचा. सही शेवटच्या पानावर, आकडा दुसऱ्या पानावर. भाषणातला आकडा वेगळा, तक्त्यातला वेगळा. आमचे साहेब जेवायला गेले होते. खरा कोणता ते मला माहीत होतं, रोज मीच टाइप करायचो. पण मंत्र्यांचं भाषण चुकीचं कसं असेल? मी दुसरं पान काढलं, नवीन टाइप केलं, भाषणातला आकडा घातला, जुनं पान फाडलं. साहेब आले, त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पुढच्या महिन्यात मला मोठं क्वार्टर मिळालं. मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. तिला सांग, तिच्या वडिलांना मी तुरुंगात घातलं."

काकू रडत होत्या. लुब्नाने माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर इतकी आशा होती.

जर्मनमध्ये 'मान' म्हणून एक फार सोयीचा शब्द आहे. कोणी केलं ते सांगावं लागत नाही. 'मान' म्हणजे कोणीतरी, लोक, सगळे, कोणीच नाही. मी लुब्नाला जर्मनमध्ये म्हणाले, "साहेबांच्या खोलीत आकडा बदलण्यात आला. यांना खरा आकडा माहीत होता. यांनी पाहिलं, पण बोलता आलं नाही. यांना फार वाईट वाटतं."

मी आधीपासून तसं ठरवलं नव्हतं. शप्पथ नव्हतं ठरवलं. तोंड उघडलं आणि प्रकरणात जे लिहिलंय तेच बाहेर पडलं.

लुब्ना उठली. काकांसमोर खाली बसली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. "डांके" म्हणून आभार मानले. काका गोंधळून माझ्याकडे बघू लागले. त्यांनी शिव्या खायची तयारी केली होती. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू माफी मिळाली. आणि तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला.

"आबर दास हाट एअर गार निष्ट गेझाग्ट." पण ते असं म्हणालेच नाहीत.

ईप्सिताने पुस्तक मिटलं होतं. ती माझ्यावर चिडलेली वगैरे नव्हती. शाळेत कोणी पाढा चुकलं तर सांगतात तसं तिने सांगितलं.

मी म्हणाले, "ईप्सिता, मोठी माणसं बोलतायत." मराठीत म्हणाले, लुब्नाला कळू नये म्हणून.

लुब्ना तिच्याकडे वळली. "मग काय म्हणाले?"

ईप्सिताने सगळं सांगितलं. आधी भाषण, मग तक्ता, साहेब जेवायला गेले, आजोबांनी पान फाडलं, दुसरं लावलं. "त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच केलं. आणि ते म्हणाले, तुमचे बाबा त्यांच्यामुळे तुरुंगात गेले." क्वार्टरला जर्मन शब्द न सुचल्यामुळे 'मोठं घर' म्हणाली. एवढाच काय तो फरक.

लुब्नाने काकांचा हात सोडला. उठून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. काकांना जर्मन येत नाही, पण कोणी त्यांना काही समजावायची गरज उरली नव्हती.

मग लुब्नाने सरळ त्यांना इंग्रजीत विचारलं, "फाडलेल्या पानावर काय आकडा होता?"

काका उभे राहिले. जमणार नाही म्हणालेल्या त्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "अकरा लाख तेवीस हजार चारशे."

लुब्नाने तोंडावर हात ठेवला. माझ्या कुठल्याच कागदात हा पूर्ण आकडा नाही. सगळीकडे 'अकरा लाखांवर' एवढंच आहे. "चारशे," ती म्हणाली. "ते नेहमी चारशे म्हणायचे. शेवटी हॉस्पिटलमध्ये सुद्धा. आईला वाटायला लागलं होतं, त्यांनी तो मनानेच रचला."

"नाही," काका म्हणाले. "बरोबर होता. त्यांचा बरोबर होता."

"लिहून द्याल? नावासकट?"

"अहो, कपिलला विचारा आधी," काकू म्हणाल्या. काकांनी खिशातलं पेन काढलं. टेबलाशी बसून इंग्रजीतच पूर्ण पानभर लिहिलं, खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, सही. कागद लुब्नाकडे सरकवला. तिने वाचला, घडी घातली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि काकांनी मागितलंही नाही. निघताना वडिलांचा फोटो मात्र तिने टेबलावरच राहू दिला. काकूंनी वड्यांचा डबा भरून दिला तो तिने घेतला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

परतीच्या एस-बाहनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. फेल्डमोखिंग स्टेशन येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मुलाखतीत तुला हे माहीत नव्हतं?"

"तेव्हा नव्हतं. दहा दिवसांपूर्वी कळलं."

"आणि आज?"

रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता.

"प्रोफेसरांनी सांगितलं होतं का, असंच राहू दे म्हणून? की त्या कपिलने?"

एक क्षण वाटलं, हो म्हणावं.

"नाही," मी म्हणाले. "मला कोणी सांगितलं नव्हतं."

लुब्नाने तिची पिशवी आणि वड्यांचा डबा उचलला, आणि पुढच्या डब्यात जाऊन बसली.